छळात आनंद वाटत नाही, तर मी धन्य कशी?

पत्र (थोडक्यात): दोन वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून मोठा भाऊ माझ्याशी बोलत नाही. मी फायद्यासाठी विश्वास धरला असं ऑफिसात पाठीमागे बोललं जातं. एकदा चिडून मीही सगळ्यांसमोर एका सहकाऱ्याला ‘तुम्ही नरकात जाल’ असं म्हणून बसले. गेल्या महिन्यात त्यानेच माझ्याविरुद्ध कामात हलगर्जी केल्याची खोटी तक्रार केली. मंडळीत सांगितलं की सगळे म्हणतात, ‘तू धन्य आहेस, आनंद कर.’ मला आनंद होत नाही, राग येतो. रात्री तीनला जाग येते आणि त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते डोक्यात फिरत राहतं. माझा विश्वासच खोटा आहे का? आणि एक छोटी गोष्ट: पुढच्या महिन्यात भाचीचा, म्हणजे त्याच भावाच्या मुलीचा, वाढदिवस आहे. भेट पाठवू का?

उत्तर:

प्रभूमध्ये प्रिय भगिनी,

तुमचा विश्वास खोटा नाही. आनंद वाटत नाही म्हणून तो खोटा ठरवणारं एकही वचन पवित्र शास्त्रात नाही. ‘आम्ही जिवंत राहण्याचीसुद्धा आशा सोडली होती,’ अशा अर्थाचं पौलाने करिंथकरांना स्वतःच लिहून ठेवलंय (2 करिंथ 1:8). मंडळीने तुम्हाला सांगितलेलं वचन खरं आहे, पण त्याचा अर्धाच भाग तुमच्यापर्यंत पोहोचला. म्हणून आधी त्या वचनापाशीच थांबू.

मत्तय 5:10 ते 12 मध्ये ‘धन्य’साठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘मकारिओस’. तो मनाची अवस्था सांगत नाही. एखाद्याची स्थिती पाहून दुसरा त्याच्याविषयी ‘याचं भाग्य मोठं’ म्हणतो, तसा हा शब्द आहे. बोलणारा प्रभू आहे आणि तो तुमच्याविषयी बोलतोय. तुम्हाला आतून काय वाटतंय यावर ते अवलंबून नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या नावावर घर झालेलं असेल तर त्या क्षणी त्याला त्याचं काहीच वाटणार नाही, पण घर त्याचंच असतं. व्याकरणही बघा. मधल्या सहा धन्यवचनांतली वचनं पुढची आहेत: सांत्वन मिळेल, तृप्त होतील, दया मिळेल. पहिल्या आणि आठव्या धन्यवचनात मात्र क्रियापद वर्तमानकाळातलं आहे: स्वर्गाचं राज्य त्यांचं *आहे*. आणि अकराव्या वचनात प्रभू ‘ते’ सोडून थेट ‘तुम्ही’ म्हणतो.

आनंद करा असं बाराव्या वचनात आहेच, ते आम्ही झाकून ठेवत नाही. पण त्याचं कारण तिथेच दिलंय: स्वर्गातलं प्रतिफळ, आणि तुमच्याआधी संदेष्ट्यांचंही असंच झालं ही गोष्ट. छळ गोड वाटावा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. याकोबाच्या पत्रात तर ‘आनंदच *माना*’ असा शब्द आहे (1:2), म्हणजे हिशेबात तसं धरा. हिशेब रडत रडतही मांडता येतो.

आता कामाला लागू. अकराव्या वचनात दोन अटी आहेत आणि घाईघाईने धीर देताना त्या नेहमी गळतात: ‘माझ्यामुळे’ आणि ‘लबाडीने’. म्हणजे त्रास प्रभूच्या नावामुळे झालेला हवा आणि आरोप खोटा हवा. पेत्र हेच आणखी रोखठोक सांगतो. खुनी, चोर, दुष्कर्मी म्हणून कोणी दुःख भोगू नये, आणि त्याच यादीत तो दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यालाही बसवतो (1 पेत्र 4:15). खुन्याच्या पंगतीत ढवळाढवळ करणारा! विश्वासणाऱ्यांना होणारा बराचसा ‘छळ’ खरं तर या चौथ्या खात्यातला असतो, हे पेत्राला ठाऊक होतं.

म्हणून एक कागद घ्या आणि गेल्या दोन वर्षांत जे जे घडलं ते एका खाली एक लिहा. प्रत्येक घटनेपुढे तीन गोष्टी टिपा: नेमकं काय झालं, कशामुळे झालं असावं, माझा वाटा किती. तासाभराचं काम आहे, पण एका बैठकीत उरकू नका. दोन दिवसांनी पुन्हा बघा, कारण पहिल्या दिवशी ‘माझा वाटा’ हा रकाना रिकामा राहतो किंवा सगळा दोष तिथेच ओतला जातो. तुमच्या पत्रावरून आम्हाला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

भावाने बोलणं सोडलं ते तुमच्या बाप्तिस्म्यामुळे. प्रभूने धन्य म्हटलं ते हेच दुःख. घरातली माणसं विरोधात जातील हे त्याने आधीच सांगून ठेवलंय (मत्तय 10:35-36), म्हणजे तुमच्या हातून काही बिघडलं म्हणून हे झालं असं नाही.

‘नरकात जाल’ हे वाक्य मात्र तुमच्या खात्यातलं आहे. विश्वासाबद्दल कोणी विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या असं पेत्राने सांगितलंय (1 पेत्र 3:15-16). तुमचं उत्तर तसं नव्हतं. त्याची माफी मागा, तक्रारीचा निकाल लागण्याची वाट न पाहता. शब्द मोजके ठेवा: ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला बोलले ते उद्धटपणाचं होतं. मला माफ करा.’ इथेच थांबा. ‘पण तुम्हीही...’ हे जोडलं की माफी संपली आणि भांडण सुरू झालं. बोलणं सगळ्यांसमोर झालं होतं, तेव्हा शक्यतो माफीही त्यांच्यासमोर मागा. तक्रारीची चौकशी चालू असल्याने माफी फक्त त्या वाक्याची मागा, कामाबद्दल त्यात अवाक्षर नको. नाहीतर ती कबुली म्हणून वापरली जाऊ शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे खोटी तक्रार. ती विश्वासामुळे झाली की त्या वाक्याच्या रागाने, हे आज कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. खोटं ते खोटं. त्याला उत्तर देणं हे विश्वासाच्या आड येत नाही. इथे बरेच जण दुसऱ्या गालाचं वचन पुढे करून गप्प बसतात आणि मग आतल्या आत कुढतात. प्रभूच्या स्वतःच्या गालावर महायाजकाच्या शिपायाने चपराक मारली तेव्हा तो काय म्हणाला, ते वाचा: मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस (योहान 18:23). त्याने उलट हात उचलला नाही, पण अन्यायाला अन्याय म्हटलं. फिलिप्पैत पौल आणि सीला यांना छड्या मारून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्रीची त्यांची गीतं सगळ्यांना आठवतात, सकाळचं पौलाचं उत्तर फारसं कोणाला आठवत नाही. अधिकाऱ्यांनी ‘सोडून द्या’ असा निरोप धाडला तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक, चौकशीविना आम्हाला चारचौघांत मारलंत, आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं (प्रे. कृत्ये 16:37). गीत आणि हक्काची मागणी, दोन्ही एकाच माणसाकडून, मधे एक रात्रही नाही.

तेव्हा तक्रारीला लेखी उत्तर द्या, दिलेल्या मुदतीत. एक पान पुरे. ज्या कामाबद्दल तक्रार आहे ते तारीखवार लिहा आणि प्रत्येक मुद्द्याला पुरावा जोडा: ईमेल, नोंदवही, कोणाच्या सहीचा कागद. त्याचा हेतू काय असेल यावर एक ओळही नको, विशेषणं नकोत आणि बायबलचं वचनही नको. वचन घातलं की चौकशी कामावरून तुमच्या धर्मावर सरकते. ‘मी ख्रिस्ती आहे म्हणून हे केलं’ असं वाटत असेल तर ते तेव्हाच लिहा, जेव्हा तारीख, ठिकाण, त्याच्या तोंडचे नेमके शब्द आणि ऐकणारा माणूस हे चारही तुमच्याजवळ असतील. त्यासाठी आजपासून एक वही ठेवा आणि जे घडेल ते त्याच दिवशी टिपा. आठवड्यानंतर लिहिलेल्या नोंदीत आपला राग मिसळतो आणि शब्द बदलतात. उत्तर पाठवण्याआधी तुमच्या बाजूच्या नसलेल्या एखाद्या शहाण्या माणसाला वाचायला द्या. एक प्रत घरी ठेवा.

आता रात्री तीनचा प्रश्न. ही वेळ प्रार्थनेची आहे असं कोणी सांगितलं असेल, तर आम्ही एवढंच म्हणू की आधी ती झोपेची आहे. 1 राजे 19 मध्ये एलीया झुडपाखाली पडून ‘आता मला मरू दे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा ठेवला, त्याला पुन्हा झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाचं बोलणं झालं ते त्यानंतर चाळीस दिवसांनी. उशाशी कागद-पेन्सिल ठेवा. जाग आली की जे उत्तर डोक्यात घोळतंय ते एकदाच लिहा आणि कागद उलटा करून ठेवा. फोनला हात लावू नका. रात्री नऊनंतर या विषयावर कोणालाही, मंडळीच्या ग्रुपवरसुद्धा, काही पाठवायचं नाही असा नियम करा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप मोडत असेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटणं हे लगेच आणि मोकळेपणाने सांगायचं, पाळकांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही.

रागाचं काय करायचं? तो देवापुढे मांडायचा, आहे तसा. त्यासाठी तयार साचा आपल्या हाती आहे आणि आपण तो फार कमी वापरतो: विलापाची स्तोत्रं. स्तोत्र 13 घ्या, अवघी सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर’ येतं. मग मागणी: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. शेवटी ‘पण मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’. याच क्रमाने स्वतःचं स्तोत्र लिहा. हाक, तक्रार, मागणी, भरवसा. तक्रारीच्या भागात भावाचं नाव घ्या, ती टेबलाशेजारची कुजबुज लिहा. गुळगुळीत प्रार्थनेत राग जातो कुठे तर पोटात. भरवशाची ओळ एखाद्या दिवशी लिहवत नसेल तर सोडून द्या. स्तोत्र 88 अंधारातच संपतं आणि तरी ते शास्त्रात आहे. प्रकटीकरणात वेदीखालचे हुतात्मेही ‘कोठवर’ असंच विचारतात (6:10), आणि ते तर स्वर्गात आहेत.

छळणाऱ्यांसाठी प्रार्थना हा भाग तुम्ही पत्रात टाळलात, आम्ही टाळणार नाही. लूक 6:27-28 मध्ये प्रभूने चार क्रियापदं दिली: प्रीती करा, बरं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. त्यांतली बरीचशी हातांनी आणि तोंडाने करायची कामं आहेत, भावना जमण्याची वाट बघायला लावणारी नाहीत. दिवसातून एकदा, एक मिनिट, त्या सहकाऱ्याचं नाव घेऊन. मागायचं काय? जे तुम्ही स्वतःसाठी मागाल ते: त्याला शांत झोप, घरात आरोग्य, कामात यश. ‘त्याला सद्बुद्धी दे’ने सुरुवात करू नका, ती प्रार्थनेचे कपडे घातलेली तक्रार असते. पहिले कित्येक दिवस शब्द कोरडे वाटतील. वाटू द्या.

क्षमा केली म्हणजे पुन्हा विश्वास टाकायलाच हवा असं मात्र नाही. 2 तीमथ्य 4 मध्ये पौलाने लागोपाठ तीन वचनांत दोन प्रकारच्या माणसांना दोन वेगळ्या तऱ्हेने हाताळलंय. आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याची फेड करील, तूही त्याच्यापासून जपून राहा. आणि लगेच पुढे: पहिल्या जबाबाच्या वेळी कोणीच माझ्या बाजूला उभं राहिलं नाही, ते त्यांच्या हिशेबी धरलं न जावो. मुद्दाम घात करणारा वेगळा, भिऊन दूर राहणारा वेगळा. तुमचे गप्प बसलेले सहकारी या दुसऱ्या गटातले असतील.

याच अध्यायात पौल काय काय मागतो तेही बघा. त्रोवसात राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं, मार्काला सोबत आण, हिवाळ्यापूर्वी ये. मरणाच्या दारात उभा असलेला प्रेषित अंगावरचं पांघरूण आणि माणसं मागतो, आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. तुम्हीही मंडळीकडे असं नेमकं मागा. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढ्यावर थांबलात तर ‘आनंद कर’ हेच परत येणार. ‘बुधवारी संध्याकाळी अर्धा तास माझ्याजवळ येऊन बसाल का?’ असं विचारा. ‘हे उत्तर तपासून द्याल का?’ असं विचारा. आणि मंडळीतल्या ज्यांच्या नजरेस हे पडेल त्यांना आमची विनंती: ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

एक इशारा. त्रास मारहाणीवर, धमकीवर, कोंडून ठेवण्यावर गेला तर तो वधस्तंभ म्हणून सोसत बसायचा नाही. मग तो परक्याकडून असो वा घरातल्याकडून, जागा सोडा आणि पोलिसांची मदत घ्या. एका गावात छळ झाला तर दुसऱ्यात पळून जा, हे सांगणारा प्रभूच आहे (मत्तय 10:23). पौलाला दिमिष्काच्या तटावरून पाटीत बसवून उतरवलं गेलं. कार्थेजचा बिशप सिप्रियन इ.स. 250 मध्ये डेसियस बादशहाच्या छळात लपून राहिला आणि पत्रांनी मंडळी सांभाळत राहिला. 258 मध्ये त्याच सिप्रियनने विश्वासासाठी तलवारीखाली मान दिली. लपणं आणि टिकणं यांत वैर नाही. उलट स्वतःहून छळाच्या तोंडी जाणाऱ्याचं काय होतं, तेही स्मुर्णाच्या मंडळीने नोंदवलंय. क्विंटस नावाचा एक जण आपण होऊन पुढे गेला, रिंगणातली हिंस्र जनावरं पाहिली आणि विश्वास नाकारून बसला. त्याच वेळी, इ.स. 155 च्या सुमाराला, म्हातारा बिशप पॉलिकार्प आधी गावाबाहेरच्या मळ्यात गेला होता. शेवटी शिपाई दाराशी आले तेव्हा त्याने त्यांना जेवायला वाढायला सांगितलं आणि प्रार्थनेसाठी एक तास मागून घेतला. ख्रिस्ताला नाकार म्हटल्यावर तो म्हणाला, 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही. आम्हाला त्या जेवणाचं फार अप्रूप वाटतं. छळणाऱ्याशी कसं वागायचं ते त्या ताटात दिसतं.

मग आशीर्वाद कुठे शोधायचा? पेत्राने सोन्याची उपमा दिलीय (1 पेत्र 1:7). सोनं वितळतं 1064 अंश सेल्सिअसला. मुशीत ते रसरशीत झालं की सोनार टाकणखार घालतो, आणि आतलं हिणकस त्यात धरलं जाऊन मळीसारखं वर येतं. आगीने सोनं तयार होत नाही, आत असलेलं वेगळं होतं. मळी वर आली की रस काळपट दिसतो आणि नवख्याला वाटतं, सोनं बिघडलं. तुमचा राग, सूड घ्यावासा वाटणं, लोकांनी चांगलं म्हणावं ही ओढ, हे सगळं आत्ता वर आलंय. ते आगीने घातलेलं नाही, आधीपासून होतं, आता दिसतंय म्हणून काढता येईल. ‘माझा वाटा’ या रकान्यात तुम्ही पहिली प्रामाणिक ओळ लिहाल तेव्हा आशीर्वाद सुरू झालेला असेल.

पुढचं हळूहळू येतं. रोमकरांस पत्रात क्रम दिलाय: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा (5:3-4). मधली पायरी गाळून संकटावरून थेट आशेवर उडी मारायला सांगतात तिथे माणसं मोडतात. इब्री लोकांस पत्रही कबूल करतं की शिस्त त्या वेळी दुःखाचीच वाटते, फळ *नंतर* येतं (12:11). काही महिन्यांनी तपासायचं असेल तर हे बघा: प्रार्थना लहान आणि खरी झाली का, दुसऱ्याचं दुःख ऐकताना वचन फेकण्याची घाई कमी झाली का, एखाद्या नव्या विश्वासणाऱ्याजवळ मुकाट बसता येतं का. आपल्याला मिळालेल्या सांत्वनाने दुसऱ्याचं सांत्वन करता यावं, हे पौल दुःखाचं एक कारणच सांगतो (2 करिंथ 1:4).

आता भाची. हो, भेट पाठवा. तिच्या वयाला शोभेल असं, तिला हवं असलेलं काहीतरी. बायबलमधलं वचन छापलेली वस्तू नको, चिठ्ठीत उपदेश नको, ‘तुझ्या बाबांना सांग’ असा निरोपही नको. भेटीचा उपयोग भावापर्यंत पोहोचण्याची वाट म्हणून केला तर ते मुलीलाही कळतं. ‘खूप खूप शुभेच्छा, आत्याकडून’ एवढं लिहा. परत आली तर जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा, तेव्हाच्या तिच्या मापाची नवी.